केसोंगची भांडी

१५ डिसेंबर २००४ची गोष्ट. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिथल्या एका बड्या दुकानात स्टीलच्या भांड्यांचे संच विक्रीला आले. भांडी तशी साधीच, घरोघरी रस्सा शिजवायला लागतात तशी झाकणाची पातेली. त्याहून देखणी भांडी सोलमध्ये हवी तेवढी मिळत होती. पण या भांड्यांची बातमी देशभर झाली. कारण ती त्याच दिवशी उत्तर कोरियातल्या केसोंग इथल्या कारखान्यातून बाहेर पडली होती आणि ट्रकमधून जगातल्या सर्वांत कडक पहाऱ्याच्या सरहद्दींपैकी एक ओलांडून आली होती.

केसोंग ते सोल हे अंतर रस्त्यानं साठ-सत्तर किलोमीटरचं. बेळगावहून धारवाडला जायला लागतं त्याहून कमीच. पण जवळजवळ पन्नास वर्षं त्या वाटेनं सामान्य माणूस जाऊ शकत नव्हता, साधं पोस्टकार्डही जात नव्हतं. म्हणून त्या पातेल्याचं अप्रूप. ज्यांचं गाव, आईवडील, भावंडं पलीकडे राहिली त्यांच्या दृष्टीनं ते घरून आलेल्या निरोपासारखंच होतं.

त्यानंतर अकरा वर्षांनी तो कारखाना एका रात्रीत बंद पडला. का पडला, कुणी पाडला आणि त्याची झळ कुणाला बसली, हे समजून घेण्यासारखं आहे. एका घराच्या दोन वाटण्या झाल्या, तरी भाऊ एकमेकांच्या दुकानातून मीठ-मिरची आणत असतील तर भांडण मिटेल, असं आपण म्हणतो. कोरियात हा प्रयोग खरोखर करून पाहिला गेला.

अर्ध्या तासात ओढलेली रेघ

कोरिया हा जुना, एकसंध देश. भाषा एक, लिपी एक, सणवार एक. १९१० साली जपाननं तो गिळला. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येत असताना रशियन फौजा उत्तरेकडून आत शिरल्या होत्या. अमेरिकेला निदान दक्षिण भाग आपल्या ताब्यात हवा होता. वॉशिंग्टनमध्ये दोन तरुण अमेरिकी अधिकारी रात्री नकाशा घेऊन बसले आणि सुमारे अर्ध्या तासात त्यांनी अडतिसाव्या अक्षांशावर रेघ सुचवली. रशियनांनी ती मानली. कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही.

रेघ नकाशावर सोपी होती, पण तिनं देशाचा संसार मधोमध कापला. जपानी राजवटीत जलविद्युत केंद्रं, खतांचे आणि रसायनांचे कारखाने, खाणी उत्तरेत उभ्या राहिल्या होत्या. भाताची सुपीक शेती दक्षिणेत. एकाकडे वीज, दुसऱ्याकडे धान्य. दक्षिणेला लागणारी बरीचशी वीज उत्तरेतूनच येत होती. १० मे १९४८ रोजी दक्षिणेत स्वतंत्र निवडणूक झाली आणि १४ मे रोजी उत्तरेनं वीज तोडली. कारखाने थांबले, घरं अंधारात गेली. दोन सरकारं अधिकृतपणे जाहीर व्हायच्या आधीच व्यापाराचा हत्यारासारखा पहिला वापर झाला होता. ही तारीख लक्षात ठेवावी, पुढे तिची आठवण येणार आहे.

२५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा रेघ ओलांडून आल्या आणि तीन वर्षांचं भयंकर युद्ध झालं. २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली. तह मात्र झालाच नाही. नवी सीमा जिथे फौजा उभ्या होत्या तिथे पडली. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आखला गेला. केसोंग हे गाव अडतिसाव्या अक्षांशाच्या दक्षिणेला. म्हणजे १९५० पर्यंत ते दक्षिण कोरियात होतं. युद्ध संपलं तेव्हा ते उत्तरेकडे गेलं. गावातली कितीतरी माणसं लढाईत दक्षिणेकडे पळाली होती, ती चार दिवसांनी परत येऊ म्हणून गेली आणि कायमची तिकडेच राहिली.

केसोंगचं नाव व्यापारासाठीच मोठं. दहाव्या शतकापासून चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती देशाची राजधानी होती. पुढे राजधानी सोलला गेली, पण केसोंगचे व्यापारी जिनसेंग नावाच्या औषधी मुळीचा व्यापार देशोदेशी करत राहिले. जमा-खर्च दोन्ही बाजूंनी मांडण्याची त्यांची स्वतःची वही-पद्धत होती. अशा पेठेचं गाव अर्धं शतक काटेरी तारेआड पडून राहिलं.

थिमय्या आणि थोरात

या सरहद्दीवर आपल्या मुलखातली माणसं उभी राहून आली आहेत, हे फार कमी घरांत ठाऊक असतं. शस्त्रसंधी अडून बसली होती ती युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. हजारो कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. तोडगा म्हणून तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला, त्याचं अध्यक्षपद भारताकडे आलं. आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, कर्नाटकातल्या कोडगूचे. आणि कैदी सांभाळायला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे.

गंमत म्हणजे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैन्याला आपल्या भूमीवर पाऊल टाकू देणार नाही, असं बजावलं होतं. भारत तटस्थ राहिला याचा त्यांना राग होता. त्यामुळे आपले जवान इंचॉनच्या बंदराहून अमेरिकी हेलिकॉप्टरमधून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवले गेले. त्या वस्तीला ‘हिंदनगर’ असं नाव पडलं. बावीस हजारांहून जास्त कैदी, त्यांत दोन तट, दोन्हीकडून दमदाटी, आणि शक्यतो गोळी न चालवता त्यांना सांभाळायचं. हे काम थोरातांच्या माणसांनी १९५४च्या सुरुवातीपर्यंत केलं. शेवटी अठ्ठ्याऐंशी कैदी असे निघाले, की त्यांना उत्तरही नको होती आणि दक्षिणही. ते जहाजातून भारतात आले. पुढे त्यातले बरेच ब्राझील, अर्जेंटिनाकडे गेले, काही इथेच राहिले. फाळणी झालेल्या घरात ‘तू कुणाचा?’ या प्रश्नाला ‘कुणाचाच नाही’ असं उत्तर देणारीही माणसं असतात.

एका गाईचं कर्ज

दोन्ही बाजूंचा व्यापार पुन्हा सुरू व्हायला १९८८ साल उजाडलं. दक्षिणेनं तेव्हा धोरण बदललं. पुढे दोन्ही देशांनी असं मान्य केलं, की आपला आपसातला व्यापार हा परदेशाशी केलेला व्यापार नव्हे, एका राष्ट्राच्या आतला आहे. म्हणून त्यावर जकात नाही.

पण लोकांच्या मनात हा व्यापार खरा रुजवला तो एका म्हाताऱ्यानं. ह्युंदाई उद्योगाचे संस्थापक चुंग जू-युंग यांचा जन्म १९१५चा, आज उत्तरेत असलेल्या एका गरीब शेतकरी घरातला. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन हा पोरगा घरातून पळाला आणि सोलला गेला. तिथे मजुरीपासून सुरुवात करून मोठा उद्योगपती झाला. जून १९९८ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, ट्रकांमध्ये ५०० जनावरं भरून ते पानमुंजोमच्या वाटेनं सरहद्द ओलांडून उत्तरेत गेले. ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१ नेली. सगळी मिळून एक हजार एक. एका गाईचं कर्ज व्याजासकट फेडायला आलो, असा त्याचा अर्थ. उत्तरेत तेव्हा भीषण दुष्काळ आणि उपासमार चालू होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ह्युंदाईनं उत्तरेतल्या कुमगांग डोंगराच्या सहली सुरू केल्या. पुढच्या दहा वर्षांत दक्षिणेतले जवळजवळ वीस लाख लोक तिथे जाऊन आले. २००० साली दोन्हीकडचे नेते प्रथमच भेटले, ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या आणि केसोंगला औद्योगिक वसाहत उभारायचं ठरलं. चुंग २००१ मध्ये वारले. वसाहतीची पायाभरणी २००३च्या जूनमध्ये झाली.

चॉको पायची उलाढाल

केसोंगचा हिशोब सोपा होता. जमीन आणि कामगार उत्तरेचे. भांडवल, यंत्रं, कच्चा माल आणि वीज दक्षिणेची. दक्षिणेत मजुरी महाग झाल्यानं छोटे-मध्यम कारखानदार चीन, व्हिएतनामकडे चालले होते. इथे तासाभराच्या अंतरावर आपलीच भाषा बोलणारे कामगार मिळत होते. किमान पगार सुरुवातीला महिन्याला ५० डॉलर, २०१५ पर्यंत सुमारे ७४. शेवटी शेवटी सव्वाशेच्या आसपास कंपन्या आणि ५४ हजारांवर कामगार तिथे होते. त्यातल्या बहुतेक बायका. कपडे, बूट, भांडी, यंत्रांचे सुटे भाग असा माल निघे.

पण कामगाराच्या हातात पगाराचे डॉलर पडत नसत. कंपनी ते उत्तरेच्या सरकारी कार्यालयात भरी. तिथे वजावट होऊन कामगाराला कुपनं आणि उत्तरेचं चलन मिळे. दक्षिणेचा व्यवस्थापक कामगाराला थेट हुकूम देत नसे. उत्तरेनं नेमलेल्या प्रमुखामार्फत सगळं सांगावं लागे. मग जास्तीचं काम झालं, चांगलं काम झालं, तर शाबासकी द्यायची कशी? रोख बक्षीस तर देता येत नाही.

त्यावर उत्तर निघालं खाऊचं. ‘चॉको पाय’ हा दक्षिणेतल्या पोरांचा आवडता खाऊ. दोन मऊ बिस्किटांमध्ये गोड फेसाळ सारण आणि वरून चॉकलेट. कारखाने तो कामगारांना वाटू लागले. बायका तो तिथे खात नसत, जपून घरी नेत. काही मुलांच्या तोंडी पडे, काही बाजारात जाई. बघता बघता उत्तरेच्या काळ्या बाजारात चॉको पायला चलनासारखा भाव आला. हा ‘दक्षिणेचा गोडवा’ लोकांच्या जिभेवर चढतोय, हे उत्तरेच्या सरकारला रुचणं शक्य नव्हतं. २०१४ मध्ये त्यांनी हा खाऊ वाटणं बंद करायला सांगितलं, आणि त्याच्या जागी दुसरे पदार्थ आले.

भाषेचंही एक प्रकरण होतं, ते दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या घरांना चटकन कळेल. भाषा एक असूनही साठ वर्षांत शब्द दुरावले होते. दक्षिणेत इंग्रजी शब्दांचा सुळसुळाट, उत्तरेत ते वेचून काढलेले. समुद्रातला जो प्राणी दक्षिणेत एका नावानं विकला जातो, तेच नाव उत्तरेत दुसऱ्याच प्राण्याला. दोन्हीकडच्या विद्वानांनी २००५ मध्ये एकत्र शब्दकोशाचं काम हाती घेतलं, ते राजकारणाच्या तालावर चालत-थांबत राहिलं. केसोंगच्या शिवणयंत्रांवर मात्र कोशाची वाट न पाहता बोलणं रोज चालू होतं.

‘कोणत्याही परिस्थितीत’

आता दुसरी बाजू. ११ जुलै २००८ रोजी कुमगांगच्या सहलीला गेलेली दक्षिणेची एक प्रौढ महिला पहाटे फिरताना मनाई असलेल्या भागात गेली आणि उत्तरेच्या सैनिकाच्या गोळीला बळी पडली. सहली थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. मार्च २०१० मध्ये दक्षिणेची चोनान ही युद्धनौका बुडाली, ४६ खलाशी गेले. उत्तरेच्या पाणतीरानं ती बुडवली, असा निष्कर्ष दक्षिणेनं जाहीर केला. उत्तरेनं तो नाकारला. दक्षिणेनं उत्तरेशी जवळजवळ सगळा व्यापार तोडला. अपवाद एकच ठेवला, केसोंग.

२०१३च्या वसंतात उत्तरेची तिसरी अणुचाचणी, दक्षिणेच्या आणि अमेरिकेच्या लष्करी कवायती यांवरून वातावरण तापलं. एप्रिलमध्ये उत्तरेनं आपले सगळे कामगार काढून घेतले. त्या दिवसांतली छायाचित्रं अनेकांनी पाहिली असतील. दक्षिणेचे कारखानदार आपल्या छोट्या मोटारींच्या टपावर, डिकीवर, बॉनेटवर तयार मालाची गाठोडी दोरीनं बांधून परतताहेत. घर रिकामं करताना माणूस जेवढं उचलता येईल तेवढं उचलतो, तसंच.

वाटाघाटी झाल्या आणि १६ सप्टेंबरला यंत्रं पुन्हा फिरू लागली. ऑगस्टमध्ये झालेल्या करारात दोघांनी लिहून दिलं होतं, की कोणत्याही परिस्थितीचा परिणाम वसाहतीवर होऊ देणार नाही.

हे वचन अडीच वर्षं टिकलं. जानेवारी २०१६ मध्ये उत्तरेनं चौथी अणुचाचणी केली, ७ फेब्रुवारीला लांब पल्ल्याचं रॉकेट उडवलं. कोरियन नववर्षाची सुट्टी चालू असतानाच, १० फेब्रुवारीला, दक्षिणेच्या सरकारनं केसोंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी उत्तरेनं तिथल्या दक्षिणेच्या माणसांना काही तासांत निघून जायला सांगितलं आणि कारखाने, यंत्रं, माल जप्त केला. शेवटची माणसं रात्री उशिरा परतली. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेनं केसोंगची वीज तोडली.

१९४८च्या मे महिन्यात उत्तरेनं दक्षिणेची वीज तोडली होती. अडुसष्ट वर्षांनी दक्षिणेनं उत्तरेतल्या वसाहतीची तोडली.

पैसा कुठे गेला?

दक्षिण सरकारचं म्हणणं होतं, की केसोंगमधून जाणारे डॉलर अण्वस्त्रांवर खर्च होतात. शंका खोटी ठरवण्याजोगी नव्हती, कारण उत्तरेच्या तिजोरीत गेलेला पैसा पुढे कुठे जातो ते बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. पण सरकारनं ठाम पुरावाही दिला नाही. सरकार बदलल्यावर नेमलेल्या समितीनं २०१७च्या अखेरीस, त्या दाव्याला पुरेसा आधार नव्हता आणि बंदचा निर्णय रीतसर चर्चेविना, तोंडी आदेशावर झाला, असं म्हटलं. कारखानदार घटना न्यायालयात गेले. जानेवारी २०२२ मध्ये निकाल सरकारच्या बाजूनं लागला.

दोन्ही बाजूंना आपापलं कारण होतं, हे मान्य करायला हवं. ज्याच्या डोक्यावरून क्षेपणास्त्रं उडतात त्यानं हातात पैसे देत राहावं का, हा प्रश्न पोकळ नाही. पण मग दुसरा प्रश्न उरतो. जर्मनीचेही दोन तुकडे होते, तिथे हे कसं टिकलं? पूर्व आणि पश्चिम जर्मनीनं १९५१ मध्ये आपसातल्या व्यापाराचा करार केला. पश्चिमेनं पूर्वेच्या मालाला जकात लावली नाही, बिनव्याजी उधारीची सोय ठेवली. १९६० मध्ये एकदा पश्चिमेनं करार मोडल्याची नोटीस दिली, पण तीन-चार महिन्यांतच तो पुन्हा चालू केला. पुढच्याच वर्षी बर्लिनची भिंत उभी राहिली, तरी व्यापार चालू राहिला, तो थेट १९९० मध्ये देश एक होईपर्यंत.

जर्मन लोक जास्त शहाणे होते असं नाही. त्यांनी एकमेकांशी युद्ध केलेलं नव्हतं, हा मोठा फरक. आणि पश्चिम बर्लिन हे बेटासारखं पूर्वेच्या पोटात होतं, तिथे जाणारे रस्ते पूर्वेच्या हाती. पूर्वेला पश्चिमेचं पोलाद आणि यंत्रं हवी होती. म्हणजे दोघांचीही शेपटी एकमेकांच्या दाराखाली अडकलेली. दार आपटलं तर दोघांनाही लागणार. केसोंगमध्ये दार आपटणाऱ्या सरकारांना फारसं लागत नव्हतं. लागलं ते दाराच्या फटीत बोटं असणाऱ्यांना. सव्वाशे छोटे कारखानदार, त्यांना माल पुरवणारे, आणि ५४ हजार कामगार. कारखाना चालू ठेवायला दोघांची संमती लागत होती, बंद करायला एकाची पुरे होती. आधी उत्तरेनं ती वापरली, मग दक्षिणेनं.

सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या आधी थांबतात, आणि स्टँडवर ताटकळतो तो दवाखान्याला किंवा लेकीच्या घरी निघालेला माणूस. आपली रेघ त्या रेघेसारखी नाही, हे आपलं नशीब. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी बस सुटते, फोन लागतो, लग्नाची पत्रिका पोचते.

आता काय उरलं?

२०१८ मध्ये पुन्हा आशा पालवली. नेते भेटले, केसोंगमध्ये दोन्ही देशांचं संपर्क कार्यालय उघडलं. १६ जून २०२० रोजी उत्तरेनं ती इमारत स्फोटानं उडवली. २०२४च्या सुरुवातीला उत्तरेनं एकीकरणाचं ध्येयच सोडल्याचं जाहीर केलं, आणि दक्षिणेनं केसोंगचा कारभार पाहणारी आपली संस्था विसर्जित केली. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी उत्तरेनं दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्यांचे तुकडे स्फोटानं उडवून दिले. त्यातलाच एक रस्ता केसोंगचा, ज्यावरून वीस वर्षांपूर्वी भांड्यांचा पहिला ट्रक आला होता.

ताटातूट झालेल्या कुटुंबांची शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये कुमगांगला झाली. दक्षिणेत भेटीसाठी नावं नोंदवलेल्या एक लाख तीस हजारांहून जास्त माणसांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक आता हयात नाहीत. जे आहेत ते बहुतेक ऐंशी-नव्वदीतले.

त्या कारखान्यांनी शांतता आणली नाही, हे खरं आहे. पण अकरा वर्षं रोज सकाळी हजारो बायका बसमधून कामावर यायच्या, दक्षिणेच्या माणसांसोबत एकाच छपराखाली काम करायच्या आणि संध्याकाळी पदरात खाऊ बांधून घरी जायच्या. त्यांना कुणी न विचारता ते सुरू झालं, आणि न विचारताच बंद झालं. त्यांची नावं कुठल्याही करारात नाहीत. सोलच्या एखाद्या स्वयंपाकघरात मात्र त्यांच्या हातचं एखादं पातेलं अजूनही चुलीवर चढत असेल.